बी.एस्सी.च्या वर्गातून संशोधनापर्यंत: विद्यार्थिनींना साथ देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत मिळून सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते आणि त्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे मुलांपेक्षा दोन लाखांहून अधिक. दुसरीकडे, प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाच्या कामात असलेल्यांमध्ये स्त्रियांचा वाटा २०१८ च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्के होता. हे दोन आकडे एकाच पिढीचे नाहीत, हे मान्य केले तरी आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी जे दिसते त्याच्याशी ते जुळतात. एफ.वाय.च्या वर्गात पुढचे बाक मुलींनी भरलेले असतात, टी.वाय.च्या गुणवत्ता यादीतही त्याच वर असतात आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक जणी विज्ञानाच्या वाटेवरून दिसेनाशा होतात.

मुलींना विज्ञानाची गोडी लावावी लागते, असे गृहीत धरून आपण व्याख्याने, निबंधस्पर्धा आणि ११ फेब्रुवारीचा महिला विज्ञान दिन साजरा करतो. माझ्या मते आपल्या बहुतांश विद्यार्थिनींच्या बाबतीत गोडीचा प्रश्न नाही. पदवीनंतरच्या वळणावर कोणती परीक्षा, कोणत्या महिन्यात, किती खर्च, राहायचे कुठे आणि घरी काय सांगायचे, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे वेळेवर नसतात. ती उत्तरे टी.वाय.च्या निकालानंतर शोधून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत अर्जांच्या मुदती संपलेल्या असतात आणि घरात स्थळे पाहायला सुरुवात झालेली असते. म्हणून हे मार्गदर्शन प्रवेशाच्या पहिल्या महिन्यापासून सुरू होते. ते जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिले आहे. विषय कोणताही असला तरी त्यातील क्रम सहसा बदलत नाही.

पहिल्या वर्षी: नोंदवही आणि विचारणा

एफ.वाय.च्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थिनीची एक साधी नोंद करावी. गाव कोणते, महाविद्यालयात येण्यास किती वेळ लागतो, परतीची शेवटची एस.टी. किती वाजता आहे, बारावीपर्यंतचे माध्यम कोणते, घरात यापूर्वी कोणी पदवीपर्यंत शिकले आहे का, बारावीत कोणता धडा मनापासून आवडला आणि पदवीनंतर काय करावे असे वाटते, इतके प्रश्न पुरेसे आहेत. शेवटच्या प्रश्नासमोर बी.एड., बँक किंवा स्पर्धा परीक्षा असे लिहिलेले आढळेल आणि बऱ्याच जागी काहीच लिहिलेले नसेल. त्या कोऱ्या जागेवरून मुलीला महत्त्वाकांक्षा नाही, असा निष्कर्ष काढू नये. संशोधन करून पगार घेणारी व्यक्ती तिने कधी पाहिलेलीच नसते, तर ती लिहिणार काय?

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे उदाहरण आपण नेहमी जिद्दीसाठी देतो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवल्यानंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्यांनी तो निर्णय मान्य केला नाही, एक वर्षाच्या परीक्षाधीन प्रवेशावर काम सुरू केले आणि १९३९ मध्ये केंब्रिजमधून पीएच.डी. मिळवली. ही जिद्द खरीच आहे. परंतु त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, ही बाब आपण फारशी सांगत नाही. बंगळुरूला अशी संस्था आहे, तिथे अर्ज कसा करतात आणि नकार आला तरी तो अंतिम मानायचा नसतो, हे त्यांना घरातच ठाऊक होते. आपल्या वर्गातील मुलीच्या घरी वडील शेती करतात, आई अंगणवाडीत काम करते आणि काका ट्रक चालवतात. भागवतांच्या घरात जी माहिती सहज उपलब्ध होती ती या मुलीला द्यायची असेल, तर ती शिक्षकानेच द्यावी लागते.

यासाठी निवड करताना केवळ गुणांकडे पाहू नये. पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलींना सर्वच जण काही ना काही सुचवत असतात. साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरातील, परंतु प्रॅक्टिकलमध्ये वाचन अपेक्षेप्रमाणे आले नाही तर ते ‘जुळवून’ घेण्याऐवजी पुन्हा घेणारी किंवा तास संपल्यावर थांबून ‘सर, हे असेच का?’ असे विचारणारी मुलगी ओळखावी आणि तिला स्पष्ट शब्दांत सांगावे की तू संशोधन करू शकशील असे मला वाटते. हे वाक्य कोणीतरी एकदा थेट बोलून दाखवणे आवश्यक असते. कौतुकाने मान डोलावण्यातून ते पोहोचत नाही.

प्रयोगशाळेत उपकरण कोणाच्या हातात आहे?

कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दारात उभे राहून दहा मिनिटे पाहावे. चार जणांच्या गटात दोन मुले ऑसिलोस्कोपची बटणे फिरवत असतात आणि मुली नीटनेटक्या अक्षरात जर्नल लिहीत असतात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण तीन वर्षे हेच चालले की मुलीच्या हातात उत्तम जर्नल राहते आणि उपकरणाचा सराव मात्र राहत नाही. पुढे मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय हाताळले आहे?’ असे विचारल्यावर ती गप्प होते.

यावर सक्तीचा फेरपालट हा एकच उपाय मला परिणामकारक वाटतो. प्रत्येक गटात तीन भूमिका ठरवाव्यात: एकाने उपकरण हाताळायचे, दुसऱ्याने वाचने नोंदवायची, तिसऱ्याने आकडेमोड आणि त्रुटींचा अंदाज करायचा, आणि दर आठवड्याला त्या बदलाव्यात. जर्नलच्या प्रत्येक प्रयोगाच्या शीर्षकाखाली त्या दिवशीची भूमिका लिहून घ्यावी आणि सही करताना ती तपासावी. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात सूक्ष्मदर्शकाखालील छेद प्रत्येकीने स्वतः घेतला पाहिजे. एकीने घेतलेला उत्तम छेद सगळ्यांनी पाहून चित्र काढणे ही सवय मोडावी.

दुसरी अडचण पैशांची आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. ब्युरेट किंवा थर्मामीटर फुटला तर ब्रेकेजची रक्कम अनामत ठेवीतून कापली जाईल, या धास्तीने गरीब घरातील मुली काचेच्या वस्तूंना हात लावणे टाळतात. विभागाने पहिल्या सत्रातील ब्रेकेज माफ करण्याचा ठराव केला आणि तो वर्गात वाचून दाखवला, तर अल्प खर्चात मोठा फरक पडतो.

तिसरी गोष्ट बॅचची. दुपारी दोन ते पाच किंवा सहाची प्रॅक्टिकल बॅच बाहेरगावच्या मुलींना मिळाली, तर शेवटच्या एस.टी.साठी त्या अर्धा प्रयोग सोडून निघतात. नोंदवहीत बसच्या वेळा लिहून घेण्याचे कारण हेच आहे. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला ती यादी द्यावी आणि लांबून येणाऱ्या मुलींना सकाळची बॅच मिळेल असे पाहावे. एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास बारावीपर्यंतच असतो, त्यानंतर सवलतीच्या पासाचे पैसे घरातून मागावे लागतात. म्हणून ‘जादा तासाला आलीच पाहिजेस’ असा आग्रह धरण्यापूर्वी तो तास पासाच्या वेळेत बसतो का, हे तपासावे.

दुसऱ्या वर्षी: पुढचा रस्ता महिन्यांसह

एस.वाय.च्या सुरुवातीला पुढच्या वाटांचा एक तक्ता तयार करून विभागाच्या भिंतीवर लावावा आणि त्याची प्रत नोंदवहीतील प्रत्येक मुलीला द्यावी. त्यात परीक्षेच्या नावाइतकेच महिन्याला महत्त्व असावे.

एम.एस्सी. आणि एकात्मिक पीएच.डी.साठी (म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. सलग) ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा सर्वांत उपयोगी आहे. तिचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. पदवीच्या अंतिम वर्षात शिकत असताना ती देता येते, मुलींना परीक्षा शुल्क निम्मे असते, आणि तिच्या आधारे आय.आय.टी.सह बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असा तिचा आराखडा आहे. त्यांतील शेवटच्या २० प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तराची संख्या स्वतः काढून भरावी लागते. विद्यापीठाच्या परीक्षेची सवय असलेल्या मुलींना इथेच अडखळायला होते, म्हणून एस.वाय.पासून आठवड्याला अशी दहा गणिते सोडवून घ्यावीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरात असते, केंद्रीय विद्यापीठांसाठीची सी.यू.ई.टी.-पी.जी. साधारण मार्चमध्ये. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी ‘जॅम आपल्यासाठी नाही’ असे समजून बसतात. त्यात जैवतंत्रज्ञानाची प्रश्नपत्रिका असते, हे त्यांना आवर्जून सांगावे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथ्या वर्षाचा ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हा पर्यायही आता आला आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र धरले जाते. परंतु आपल्या महाविद्यालयात मार्गदर्शक, जागा आणि उपकरणे पुरेशी नसतील तर मुलीला चौथ्या वर्षासाठी इथेच थांबवू नये. त्याच वर्षात चांगल्या संस्थेत एम.एस्सी.ला गेलेली मुलगी अधिक शिकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्याच जणी पीएच.डी. करणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन, हवामान विभाग, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, औषध कंपन्यांचे गुणवत्ता नियंत्रण विभाग आणि पेटंटचे काम, या सर्व ठिकाणी विज्ञानाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी लागते. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या आणि हवामानशास्त्राची उपकरणे देशात घडवण्याचे मोठे काम त्यांनी केले. भौतिकशास्त्र शिकून असेही काम करता येते, हे तक्त्यात दिसले पाहिजे.

उन्हाळी संशोधन: अर्जापासून मुक्कामापर्यंत

पदवीच्या काळात आठ आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम करणे हा मुलीच्या आयुष्यातला सर्वांत निर्णायक अनुभव ठरू शकतो, कारण त्यानंतर ‘मला हे आवडते’ असे ती अनुभवाने सांगू शकते. देशातील तीन विज्ञान अकादमींचा संयुक्त उन्हाळी कार्यक्रम यासाठी उत्तम आहे. त्याचे अर्ज शरद ऋतूत निघतात आणि साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात, म्हणजे उन्हाळ्याचा विचार दिवाळीपूर्वी करावा लागतो. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा ‘नियस’ हा उपक्रम आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे वर्ग आहेत. पुणे परिसरात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांसारख्या संस्था एकाच शहरात आहेत, ही पश्चिम महाराष्ट्रातील मुलींसाठी मोठी सोय आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील विद्यार्थिनींना दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र घराजवळ आहे. समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला समुद्रविज्ञान नावाचा विषय पुष्कळदा पदवीनंतरच कळतो, याचे मला वाईट वाटते.

कार्यक्रमांत निवड झाली नाही तर शास्त्रज्ञांना थेट ई-मेल पाठवता येतो. तो दीडशे ते दोनशे शब्दांचा असावा. पहिल्या दोन वाक्यांत ती कोण आणि कोणत्या वर्षात शिकते, त्यानंतर त्या शास्त्रज्ञाच्या कोणत्या कामाबद्दल तिने काय वाचले आणि त्यात तिला कोणता प्रश्न पडला, त्यानंतर तिने स्वतः कोणते प्रयोग केले आहेत, आणि शेवटी कोणत्या तारखेपासून किती आठवडे ती येऊ शकते, असा क्रम ठेवावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. ई-मेल पाठवण्यापूर्वी शिक्षकाने वाचावा, व्याकरण सुधारावे, परंतु तिचा प्रश्न बदलू नये. दहा ई-मेल पाठवून एक उत्तर आले तरी तो चांगला प्रतिसाद समजावा, हे आधीच सांगितले म्हणजे उत्तर न आल्याने मुली खचत नाहीत.

निवड झाल्यानंतरचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. वसतिगृहात खोली मिळणार का, तिथे पोहोचण्याची वेळ दिवसाची आहे का, मेसचा खर्च किती, पहिल्या आठवड्यात तिला ओळखणारे तिथे कोणी आहे का, हे शिक्षकाने संस्थेच्या कार्यालयाला दूरध्वनी करून विचारावे आणि उत्तरे एका कागदावर लिहून पालकांना द्यावीत. विद्यावेतन अनेकदा शेवटी मिळते, म्हणून प्रवासासाठी आणि पहिल्या महिन्यासाठी लागणारी रक्कम माजी विद्यार्थी संघाकडून उसनी देण्याची व्यवस्था करता आली तर अवश्य करावी.

शिफारसपत्र लिहिताना

शिफारसपत्रांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना मुलींच्या पत्रांत स्वभावाची आणि मेहनतीची विशेषणे, तर मुलांच्या पत्रांत क्षमतेची आणि कामगिरीची विशेषणे अधिक आढळली आहेत. आपण स्वतः लिहिलेली जुनी पत्रे काढून पाहिली तर हे पटेल. ‘ही विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, नम्र आणि नियमित आहे’ हे वाक्य खरे असले तरी निवड समितीला त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्रकाशाच्या विवर्तनाच्या प्रयोगात तिची तरंगलांबी सारखी कमी येत होती, तिने स्वतःहून जाळीचे कोन पुन्हा तपासले आणि शून्य वाचनातील त्रुटी शोधून काढली.’ एक प्रसंग, त्यातील तिचा विचार आणि वर्गाच्या तुलनेत तिचे स्थान, एवढे असले की पत्र पुरे. तिच्या घरची परिस्थिती किंवा अडचणी लिहायच्या असतील तर आधी तिची परवानगी घ्यावी. मुदतीच्या पंधरा दिवस आधी पत्र मागण्याची सवय विद्यार्थिनींना लावावी आणि दिलेली तारीख आपणही पाळावी. ऑनलाइन पोर्टलवर शिक्षकाने पत्र वेळेवर चढवले नाही म्हणून अर्ज बाद होणे ही मुलीवर होणारी अत्यंत अन्यायकारक गोष्ट आहे.

घरच्यांशी बोलणे

या कामाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. पहिला नियम असा की मुलीच्या संमतीशिवाय घरी फोन करू नये आणि घरी जाऊ नये. आपण सद्हेतूने केलेला एक फोन ‘कॉलेजात हिचे काय चालले आहे?’ अशा संशयाला कारण होऊ शकतो. घरात निर्णय कोण घेतो हे तिलाच विचारावे. अनेक घरांत वडील राजी असतात आणि मोठा भाऊ किंवा चुलते अडून बसतात. काही ठिकाणी आजी राजी झाली की सगळे राजी होतात.

दुसरा नियम वेळेचा. टी.वाय.च्या निकालानंतर बोलायला गेलो तर आपण ठरलेल्या गोष्टीत आडवे येतो असे वाटते. एस.वाय.च्या दुसऱ्या सत्रात विभागाचा पालक मेळावा घ्यावा, तो रविवारी आणि शेतीच्या कामांची घाई नसताना घ्यावा, आणि आई-वडील दोघांनाही बोलवावे. भाषणे टाळावीत. पूर्वी याच महाविद्यालयातून गेलेली एखादी माजी विद्यार्थिनी आणि तिची आई या दोघींना बोलवता आले तर उत्तम. ‘मुलगी हैदराबादला पाठवली तेव्हा मलाही झोप लागत नव्हती, पण तिथले वसतिगृह मी स्वतः पाहून आले’ हे एका आईने दुसऱ्या आईला सांगितलेले जितके पोहोचते तितके प्राध्यापकाचे बोलणे पोहोचत नाही.

तिसरा नियम असा की प्रश्नांना तत्त्वांनी उत्तर देऊ नये. ‘सर, पोरगी एकटी परगावी राहणार कशी?’ या प्रश्नाला स्त्री-पुरुष समानतेवर बोलणे म्हणजे त्या बापाच्या काळजीला बाजूला सारणे. तिथे मुलींचे स्वतंत्र वसतिगृह आहे का, फाटक किती वाजता बंद होते, वॉर्डनचा क्रमांक कोणता, आपल्या तालुक्यातील आणखी कोण तिथे आहे, हे सांगावे. ‘शिकून मिळणार किती?’ या प्रश्नाला आकडा द्यावा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जे.आर.एफ.) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. पीएच.डी. करताना फी भरत राहावी लागते, अशीच बहुतेक पालकांची समजूत असते; शिकताना पैसे मिळतात हे कळल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. मात्र अधिछात्रवृत्ती सर्वांना मिळत नाही आणि तिची रक्कम काही वेळा उशिरा जमा होते, हेही त्याच वेळी सांगावे. अर्धी माहिती देऊन मिळवलेली परवानगी पहिल्याच अडचणीत मागे घेतली जाते.

लग्नाचा विषय टाळू नये. ‘लग्नच करू नका’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि त्याने काही साधतही नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षे स्थळे पाहू नयेत, एवढी नेमकी आणि मुदत असलेली मागणी मुलीने करावी आणि आपण तिला दुजोरा द्यावा. पुढे पीएच.डी. आणि संसार एकत्र चालवण्याची सोय नियमांत आहे, हेही कुटुंबाला माहीत असावे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधक स्त्रियांना संपूर्ण पीएच.डी.च्या काळात एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते आणि प्रबंध पूर्ण करण्याच्या मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. संशोधन अधिछात्रवृत्तीच्या वयोमर्यादेतही स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. ही माहिती सासरच्या मंडळींनाही पुढे उपयोगी पडते.

एखाद्या घरी सर्व प्रयत्न करूनही नकारच आला तर मुलीला बंड करण्याचा सल्ला घाईने देऊ नये. त्याचे परिणाम तिला भोगायचे असतात, आपल्याला नाहीत. जिल्ह्याच्याच ठिकाणी एम.एस्सी. करून नेटची तयारी करणे हा मार्ग खुला राहतो आणि दोन वर्षांत घरचे मतही बदलू शकते. जबरदस्तीचा किंवा अल्पवयीन बहिणीच्या विवाहाचा प्रश्न दिसला तर मात्र ते कायद्याचे प्रकरण आहे आणि तिथे गप्प बसू नये.

पैसा आणि कागदपत्रे

शिष्यवृत्ती हुकते ती बहुधा कागदासाठी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांची कामे एफ.वाय.मध्येच सुरू करावीत, कारण वैधतेला अनेक महिने लागतात. बँक खाते मुलीच्या स्वतःच्या नावाने आणि आधारशी जोडलेले असावे. वडिलांच्या खात्याचा क्रमांक दिल्याने महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज अडकतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनींसाठी स्वाधार योजना आहे. पीएच.डी.च्या टप्प्यावर बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त समाजांतील संशोधकांना मिळतात, आणि एकुलत्या एका मुलीसाठी सावित्रीबाई जोतिराव फुले अधिछात्रवृत्ती आहे. रकमा आणि अटी बदलत असल्यामुळे दरवर्षी जूनमध्ये अधिकृत संकेतस्थळ पाहून तक्ता नवा करावा.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुली इंग्रजीत बोलता येत नाही म्हणून मुलाखतीचा अर्जच भरत नाहीत. इंग्रजी संभाषणाचे स्वतंत्र वर्ग घेण्यापेक्षा विषयातूनच इंग्रजी वाढवावे, असे मी सुचवीन. आठवड्यातून एकदा पाच-सहा जणींनी एका शोधनिबंधाचा फक्त सारांश वाचावा, त्यातील प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष मराठीत समजून घ्यावा आणि मग तेच चार वाक्यांत इंग्रजीत फळ्यासमोर सांगावे. सहा महिन्यांत भीती बरीच ओसरते. मुलाखतीत ‘मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन’ हे इंग्रजीत म्हणण्याचा सरावही करून घ्यावा.

तक्रार कुठे करायची

बाहेरच्या संस्थेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला जाण्यापूर्वी तिचे अधिकार सांगितले पाहिजेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असते, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि संस्थेबाहेरचा एक सदस्य असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. मार्गदर्शकाच्या हाती शिफारसपत्र आणि प्रबंध दोन्ही असल्यामुळे संशोधक मुली बोलायला घाबरतात, म्हणून अडचण आली तर आपल्या महाविद्यालयातील कोणत्या बाईंना प्रथम फोन करायचा, ते नाव आणि क्रमांक तिच्याकडे असावा. आपल्याच महाविद्यालयातील समिती कागदावर आहे की कार्यरत आहे, हेही तपासावे. सदस्यांची नावे मुलींच्या कॉमन रूममध्ये लावलेली असली पाहिजेत.

पदवी झाल्यानंतर

पहिल्या वर्षी सुरू केलेली नोंदवही टी.वाय.च्या निरोप समारंभाला बंद करू नये. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीला एक फोन करावा आणि ती कुठे आहे ते लिहावे. ज्या मुलीचे एक वर्ष घरी जाणार आहे तिला ग्रंथालयाचे कार्ड, जुन्या प्रश्नपत्रिका आणि सकाळच्या वेळी विभागात बसायला जागा द्यावी. महाविद्यालयात येण्याचे कारण उरले की अभ्यासही टिकतो. लग्न किंवा बाळंतपणामुळे काम थांबलेल्या माजी विद्यार्थिनींना केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ योजनांची आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायोकेअर’ योजनेची माहिती कळवावी, कारण खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणणे हा त्या योजनांचा हेतू आहे. बाहेर गेलेल्या मुलींकडून त्यांची संस्था, परीक्षेचे वर्ष, वसतिगृहाचा अनुभव आणि नव्या मुलींनी फोन केला तर चालेल का, हे विचारून त्यांच्या संमतीने वेगळी यादी करावी. पुढच्या वर्षीच्या पालक मेळाव्याचे वक्ते याच यादीतून निवडावेत आणि ऑक्टोबरमध्ये ‘जॅम’चे अर्ज भरताना एस.वाय. आणि टी.वाय.च्या मुलींना ती यादी हातात द्यावी.